पाच गुणांचा प्रश्न

सातवी ब. शुक्रवार पेठेतली शाळा.
पट चौतीस, आज हजर एकोणतीस.
भिंतीवर छातीइतक्या उंचीला पुराची रेघ,
दोनदा रंग दिला तरी वर आलेली.
रेघेच्या वरती, खिळ्याला,
गौराबाई सोनुले.
फोटो मिळालाच नाही, म्हणून चित्र.
चित्रकारानं तिला पाहिलं नव्हतं;
डोळे फार शांत काढलेत.

गावच्या इतिहासाच्या पुस्तिकेत तिला दीड पान आहे.
जन्म अंदाजे. आईबाप झाडूवाले. शाळा नाही.
एक्केचाळीस दिवस, रोज सकाळी,
लक्ष्मीपुरीतल्या एका हॉटेलच्या पायरीशी
मुठीत पैसे धरून ती उभी राहिली.
म्हणायची, चहा द्या. आतल्या कपात द्या.
बाहेरच्या खुंटीला
तिच्यासारख्यांचा कप टांगलेला असे.
ज्यानं प्यायचा त्यानंच विसळायचा.
बेचाळिसाव्या दिवशी मालकानं आतला कप पुढं केला.
पुस्तिकेत त्याचं नाव नाही.
पुढं ती दोनदा नगरपालिकेत निवडून आली,
गल्लीत नळ आणला, रात्रीची शाळा काढली.

मी फळ्यावर लिहिलं:
बालपण. संघर्ष. कार्य. सन्मान.
खाली, चौकटीत:
योगदान स्पष्ट करा. गुण पाच.
एकोणतीस माना खाली गेल्या.
खडूची धूळ उन्हात तरंगत राहिली.

इर्शाद मुल्लाणीनं हात वर केला.
त्याच्या बापाचा चहाचा गाडा आहे, दसरा चौकाच्या अलीकडं.
'बाई, एक्केचाळीस दिस तिनं चहाच घेतला न्हाई?
का घरात पीत हुती?'
वर्ग हसला.
तो हसला नाही.
'आणि पैसे त्येच हुते का, रोज नवे?'

मला माहीत नव्हतं.
बी.एड.ला हे विचारत नाहीत.
मी म्हटलं, तेच असतील,
आणि म्हणताना मला ते दिसले,
घामानं काळे पडलेले,
रात्री उशाशी, सकाळी पुन्हा मुठीत.

शेवटच्या बाकावर समृद्धी चौगुले
पेन्सिलीला टोक करत होती.
वर न बघताच बोलली,
'बाई, स्टाफरूमच्या खिडकीत पण एक कप असतोय.
पिवळ्या फुलाचा. शेवंतामावशीचा.'

टोकाचं भिरभिरं बाकावरून खाली पडलं.

अकरा वर्षं मी त्या खोलीत चहा पिते.
आमचे सहा कप फळीवर, तिचा खिडकीत, गजाला टेकून.
असा नियम कुणी केला नाही.
कुणी कधी काही बोललंही नाही.
माझ्याही तोंडून
कधी काही निघालं नाही.

शाळा सुटल्यावर तो कप घासला,
फळीवर, आमच्यांत मधोमध ठेवला.
सकाळी बघते तर पुन्हा खिडकीत.
मावशी बादली उचलत म्हणाली,
'ऱ्हाऊं द्या वो बाई. तुमच्यांत ठिवला की मला गावत न्हाई.'
ती हसत होती का?
पाठमोरी होती, कळलं नाही.

गुरुवारी मी माझा चहा त्या कपात ओतला.
पाटील सरांनी पेपरचं पान उलटलं.
कुलकर्णी बाईंनी साखर जरा जास्तच ढवळली.
मावशी दारात थांबली,
माझ्याकडं नाही, कपाकडं बघत.
'आता मी कशात पिऊ?'

त्याचं उत्तर
मला त्या दिवशी देता आलं नाही.

चाचणीचे पेपर तपासतेय.
बहुतेकांनी फळा जसाच्या तसा उतरवलाय,
चारही मुद्दे, खाली पट्टीनं मारलेल्या रेघा.
इर्शादच्या पेपरात एकच वाक्य:
'ती रोज जात होती.'
'रोज' त्यानं दोनदा गिरवलंय.

पाठ टाचणात 'घटक पूर्ण' हा रकाना
अजून कोरा आहे.
लाल पेन हातात.
पाचपैकी किती द्यायचे
ठरत नाही.